दर सगळे बघतात, भार कुणी बघत नाही

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं ऑक्टोबर महिन्याची किरकोळ महागाई जाहीर केली: ०.२५ टक्के. २०१२ हे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्या किमती शंभर धरून पुढची तुलना होते ते वर्ष, धरून चालू झालेल्या मालिकेतला हा सगळ्यांत कमी आकडा. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात तो कुणी मोठ्यानं वाचून दाखवला असता तर काय ऐकावं लागलं असतं, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. ‘आकडे दिल्लीत खुर्चीत बसून भरतात’ हा आरोप तर ठरलेलाच. या आरोपामुळे सरकारचं काही बिघडत नाही, उलट सोयच होते, कारण तो चुकीच्या जागी मारलेला असतो. दर गोळा करण्याचं काम बऱ्यापैकी चोख चालतं. खरी गफलत झाली ती भारांत, म्हणजे घरखर्चाच्या दर शंभर रुपयांतले किती रुपये कशावर जातात या हिशेबात. हा हिशेब आपण तेरा-चौदा वर्षं जुना वापरत राहिलो, आणि त्याबद्दल रस्त्यावर सोडा, विधिमंडळातही फारसं कुणी बोललं नाही.

आधी तो पाव टक्का. महागाईचा दर म्हणजे किमतींची पातळी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाल्याची महागाई ४२.१८ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे २७.५७ टक्के झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शंभर रुपयांना येणारी भाजी वर्षानं १४२ रुपयांना झाली आणि पुढच्या वर्षानं १०३ रुपयांवर आली. स्वस्ताई झाली असं नाही, भाजी दोन वर्षांपूर्वीच्या भावाला परत आली एवढंच. मधल्या वर्षात ज्यानं १४२ रुपये मोजले त्याला तो आकडा चेष्टा वाटणार, आणि गणित करणाऱ्याला बरोबर वाटणार. दोघांचंही खरं आहे.

आता दर कसे घेतात ते. ठरलेली गावं, ठरलेल्या शहरांतले ठरलेले बाजार, त्या बाजारांतली ठरलेली दुकानं. २०१२ च्या मालिकेत (ती आता जुनी झाली) देशभरातली १,१८१ गावं आणि ३१० शहरांतले १,११४ बाजार होते. दर महिन्याला ठरल्या आठवड्यात क्षेत्रीय कर्मचारी त्याच दुकानात जातो, त्याच वस्तूचा, त्याच प्रतीचा, तेवढ्याच मापाचा दर घेतो. छापील किंमत नव्हे, गिऱ्हाईक करासकट प्रत्यक्षात जे मोजतं ते. ‘तेवढ्याच मापाचा’ हे शब्द सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत त्रासाचे. आपल्याकडे मेथी-कोथिंबीर पेंडीवर विकली जाते. पेंडी दहाचीच राहते आणि बारीक होत जाते. दर घेणाऱ्यानं पेंडी वजनकाट्यावर टाकली नाही तर कागदावर महागाई शून्य आणि घरात आमटीला कोथिंबीर कमी. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचंही तेच: किंमत तीच, ग्रॅम कमी. नियमाप्रमाणे दर ग्रॅममागे काढून वाढ धरायची असते. जिथे कर्मचारी नवखा किंवा घाईत, तिथे पहिली चूक इथेच होते.

दुसरी अडचण प्रत बदलण्याची. ठरलेला ब्रँड बाजारातून गेला, किंवा दुकानच बंद पडलं, तर जवळात जवळची दुसरी वस्तू घ्यायची आणि तिची पायाभूत किंमतही नव्यानं बसवायची. तसं न करता नुसती नवी किंमत जुन्यासमोर ठेवली की प्रतीतला फरक महागाई म्हणून मोजला जातो. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं म्हशीचं दूध आणि पिशवीतलं दूध ही ‘दूध’ या एकाच नावाखाली अदलाबदल करता येणारी गोष्ट नाही. दुधाचा भार देशाच्या जुन्या हिशेबात सहा टक्क्यांहून जास्त होता, म्हणजे इथली छोटी गल्लतही किरकोळ राहत नाही.

दर आले की त्यांची सरासरी. इथे एक सुधारणा २०१२ च्या मालिकेत झाली आणि तिच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नाही, म्हणून थोडं थांबतो. समजा एका दुकानात टोमॅटो २० रुपयांवरून ४० वर गेला आणि शेजारच्या दुकानात ४० वरून २० वर आला. बाजारात काहीच घडलं नाही, नुसती अदलाबदल झाली. पण दोन दुकानांच्या वाढीची साधी सरासरी काढा: एकाकडे २ पट, दुसऱ्याकडे अर्धा पट, बेरीज अडीच, भागिले दोन, उत्तर १.२५. पंचवीस टक्के महागाई, हवेतून. आधी हीच रीत होती. २०१२ च्या मालिकेपासून भूमितीय मध्य वापरतात: २ गुणिले अर्धा बरोबर १, त्याचं वर्गमूळ १. महागाई शून्य, जी खरी आहे. साध्या सरासरीचा हा वरच्या बाजूचा कल जगभर माहीत आहे. पण भूमितीय मध्याची एक खोड आहे. गुणाकारात एक जरी शून्य आलं की सगळं उत्तर शून्य. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशनचं धान्य मोफत झालं आणि नेमकी हीच खोड आडवी आली. शून्य किंमत हिशेबात घेता येत नाही, मग ती वस्तू बाजूला काढून तिचा भार इतरांकडे वळवावा लागतो. घरात धान्य येतंय, शिजतंय, पण खर्चाच्या हिशेबात ते नाही. मोफत गोष्टीचा भार काय धरायचा हा सांख्यिकीतला खरा कूटप्रश्न आहे. त्यात लबाडी शोधत बसण्यात अर्थ नाही.

कोविडमध्ये तर दर गोळा करणंच थांबलं. मार्च २०२० च्या १९ तारखेपासून क्षेत्रीय भेटी बंद, एप्रिल-मेचा एकत्रित आकडा तेव्हा प्रसिद्धच झाला नाही, नंतर गाळलेल्या जागा अंदाजानं भरून तो दिला गेला. त्या दोन महिन्यांच्या आकड्यांवर आजही कुणी मोठे निष्कर्ष काढू नयेत.

आता भार. हे भार येतात कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीतून. घराघरांत जाऊन कुटुंबानं कशावर किती खर्च केला ते विचारतात आणि त्याच्या टक्केवारीतून भार ठरतात. २०१२ च्या मालिकेचे भार २०११-१२ च्या पाहणीतून आले. अन्न आणि पेये ४५.८६ टक्के, त्यातही गावाकडे ५४.१८ आणि शहरात ३६.२९. कपडे-पादत्राणे ६.५३. मांस-मासे ३.६१. टोमॅटो ०.५७, म्हणजे शंभरातले सत्तावन्न पैसे. सोनं १.०८. देशाच्या हिशेबात मंडईतल्या टोमॅटोच्या जवळजवळ दुप्पट भार गुजरीतल्या सोन्याचा होता, आणि २०२५ मध्ये भाजी पडत असताना सोनं ज्या गतीनं चढत होतं त्यामुळे ‘अन्न आणि इंधन सोडून’ काढलेली महागाई फुगून दिसली, हा त्याच भाराचा परिणाम.

या यादीत टेपरेकॉर्डर, व्हीसीडी प्लेअर, कॅसेट होत्या. २०११-१२ मध्ये त्या असणं चूक नव्हतं. २०२५ मध्येही असणं चूक होतं. मधल्या काळात स्वस्त डेटा आला, खेड्यापाड्यांत इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस फिरू लागल्या, दवाखान्याचं बिल घरखर्चाचा कायमचा भाग झालं. अन्नावरच्या खर्चाचा वाटा गावाकडे २०११-१२ मधल्या ५२.९० टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४७.०४ वर आणि शहरात ४२.६२ वरून ३९.६८ वर आला. निर्देशांक, म्हणजे हे भार लावून काढलेला किमतींचा एकत्रित आकडा, मात्र जुन्याच वाट्यावर चालला. मधली २०१७-१८ ची पाहणी झाली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारनं तिच्या आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन तिचा अहवाल प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. त्या निर्णयावर राजकीय वाद झाला तो गरिबीच्या आकड्यावरून. महागाईचे भार त्यामुळे आणखी सहा-सात वर्षं अडकले, हे नुकसान कुणाच्या लक्षातही आलं नाही. रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना हाच निर्देशांक समोर ठेवते, चार टक्क्यांचं लक्ष्य याच आकड्याचं आहे. म्हणजे गृहकर्जाचा हप्तासुद्धा काही अंशी २०११-१२ च्या बाजाराच्या पिशवीवर ठरत होता.

शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी मालिका आली. पायाभूत वर्ष २०२४, भार २०२३-२४ च्या पाहणीचे, वस्तू-सेवा २९९ वरून ३५८. टेपरेकॉर्डर आणि व्हीसीडी गेले, ऑनलाइन मनोरंजनाची वर्गणी, पेनड्राइव्ह, मुलं सांभाळणाऱ्या बाईचा पगार आले. दर आता टॅबलेटवर घेतात. आणि अन्न व पेयांचा भार ४५.८६ वरून ३६.७५.

या शेवटच्या आकड्यावर शंका घेणं सोपं आहे: अन्नाचा भार कमी केला म्हणजे महागाई कमी दाखवायची सोय. गणित करून बघू. अन्न ५ टक्क्यांनी उतरलं आणि बाकी सगळं ४ टक्क्यांनी चढलं असं धरा. जुन्या भारानं महागाई येते उणे ०.१३ टक्के, नव्यानं अधिक ०.६९. उलट अन्न १० टक्के चढलं आणि बाकी ४, तर जुन्यानं ६.७५, नव्यानं ६.२. अन्न महागताना नवा भार आकडा थोडा खाली आणतो, अन्न उतरताना तोच भार आकडा वर ठेवतो. २०२५ च्या पडत्या भाज्यांच्या काळात जुना भारच सरकारला फायद्याचा होता. महागाई लपवायची असती तर त्या वर्षी भार बदलण्याची घाई कुणी केली नसती. शिवाय ४५.८६ आणि ३६.७५ हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणंही पूर्ण बरोबर नाही. जुन्या गटात हॉटेलातलं, खानावळीतलं शिजवलेलं जेवण अन्नातच धरत, आता आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे ते वेगळ्या गटात गेलंय. मिसळ अन्नाच्या खात्यातून हॉटेलच्या खात्यात गेली. घट खरी आहे, पण त्यातला काही भाग नुसता खाते बदलल्याचा आहे.

घराच्या बाबतीत मात्र जुनी मालिका सरळसरळ तोकडी होती. शहरात घराचा भार २१.६७ टक्के, खेड्यात शून्य. खेड्यात भाड्यानं राहणारे थोडे, हे त्यामागचं कारण. औद्योगिक वसाहतींच्या आजूबाजूच्या गावांत खोल्या भाड्यानं घेऊन राहणारा बाहेरगावचा कामगार या हिशेबात नव्हताच. शहरातल्या घरभाड्यात सरकारी निवासस्थानंही धरलेली असत आणि त्यांचं भाडं घरभाडे भत्त्याशी जोडलेलं. जुलै २०१७ पासून केंद्रानं भत्ता वाढवला तसा घरांचा निर्देशांक उसळला. राजारामपुरीतल्या किंवा रंकाळ्याकडच्या कुठल्याही घरमालकानं त्याच्याशी संबंध असलेलं काही केलेलं नव्हतं. नव्या मालिकेत ग्रामीण घरं आली, नोकरीबरोबर मिळणारी निवासस्थानं बाहेर गेली. ही सुधारणा अन्नाच्या भाराइतकीच मोठी आहे.

तरीही ‘आमच्या घरात एवढी महागाई नाही, याहून जास्त आहे’ हे म्हणणारे चूक नाहीत. सरासरी भाराचं कुटुंब प्रत्यक्षात कुठेच राहत नाही. वरचंच उदाहरण घ्या: अन्न १० टक्के, बाकी ४. ज्या घराचे शंभरातले साठ रुपये पोटावर जातात त्याची महागाई ७.६ टक्के. ज्याचे पंचवीस जातात त्याची ५.५. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच दरांनी दोन टक्क्यांचा फरक. आणि भार काढण्याची रीत अशी की ज्याचा खर्च जास्त त्याचं वजन जास्त. सगळ्यांचा खर्च एकत्र करून टक्केवारी काढतात, त्यामुळे लाखाचा महिना असलेलं घर दहा हजारांच्या घराच्या दहापट भार ठरवतं. माझा आक्षेप असलाच तर इथे आहे. दर तेच, भार वेगळे, एवढ्या मालमसाल्यावर खर्चाच्या गटाप्रमाणे चार-पाच निर्देशांक काढता येतात. त्यासाठी एकही नवा कर्मचारी बाजारात पाठवावा लागत नाही. पाहणीचे घरनिहाय आकडे मंत्रालयाकडे आहेतच.

मग कोल्हापूरचा वेगळा निर्देशांक का नको? मटणाचं उदाहरण लगेच पुढे येतं. २०१९ च्या अखेरीस इथे मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं, दुकानं बंद राहिली, बैठका झाल्या. देशाच्या आकड्यात त्याचा मागमूस दिसला नाही, कारण तांबडा-पांढरा करणाऱ्या जिल्ह्याचा मटणाचा खर्च सबंध देशाच्या ३.६१ टक्क्यांत विरघळून गेलेला. पण जिल्ह्याचे भार काढायला जिल्ह्यातून पुरेशी कुटुंबं लागतात. २०२३-२४ च्या पाहणीत देशभर २ लाख ६१ हजार ९५३ कुटुंबं होती. साडेसातशेहून जास्त जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्यामागे साडेतीनशेही येत नाहीत, आणि त्यातही गाव आणि शहर वेगळं करायचं. एवढ्याशा नमुन्यातून मटणाचा भार काढला तर ज्या आठवड्यात पाहणी झाली त्या आठवड्यात जत्रा होती की श्रावण, यावरच तो ठरेल. भावनेला ‘कोल्हापूरचा आकडा’ बरा वाटतो, पण तो असा काढला तर दिल्लीच्या आकड्यापेक्षा वाईट निघेल.

पगारदारांचा आकडा वेगळा, हेही इथे सांगायला हवं, कारण गोंधळ तिथेच जास्त. महागाई भत्ता ठरतो तो औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर, तो केंद्राच्या कामगार मंत्रालयाचा लेबर ब्युरो काढतो. सप्टेंबर २०२० पासून त्याचं पायाभूत वर्ष २०१६ आहे, देशातली ८८ केंद्रं, महाराष्ट्रातली मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर. त्यातही अन्नाचा भार ४६.२ वरून ३९.१७ झाला. नवी मालिका जुन्याला जोडायची तर जोडगुणक लागतो. दोन्ही मालिका ज्या काळात एकत्र चालतात त्या काळातलं त्यांचं गुणोत्तर, इथे २.८८. केंद्राचा भत्ता काढताना बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, २.८८ नं गुणायची, त्यातून २६१.४२ हा ठरलेला पायाचा आकडा वजा करायचा, त्यानंच भागायचं, शंभरनं गुणायचं. उदाहरणादाखल सरासरी १४५ धरली तर ४१७.६०, मग १५६.१८, मग ५९.७४, अपूर्णांक सोडून भत्ता ५९ टक्के. आता गंमत अशी की जोडगुणकात एका शतांशाचा फरक पडला, २.८८ ऐवजी २.८७ आला, तर भत्ता अर्ध्या टक्क्याहून जास्त हलतो: ५९.७४ चे ५९.१९. अपूर्णांक सोडायच्या रीतीमुळे कधी तो दिसणार नाही आणि कधी पुरा एक टक्का खाऊन जाईल. आणि हा गुणक एकदा ठरला की पुढची मालिका येईपर्यंत तोच. कर्मचारी संघटना दर सहा महिन्यांनी भत्त्यासाठी मोर्चा काढतात. जोडगुणक ठरतो त्या महिन्यात त्यांनी एक सांख्यिकीचा पदवीधर बैठकीला पाठवला तर मोर्च्यांपेक्षा जास्त पदरात पडेल.

सगळ्यांत वाईट वागणूक मिळाली ती ज्याला संघटनाच नाही त्याला. शेतमजुरांचा निर्देशांक २०२५ पर्यंत १९८६-८७ च्या पायावर आणि १९८३ च्या पाहणीच्या भारांवर चालला. त्यात अन्नाचा भार ६९.१५ टक्के. रोजगार हमीची मजुरी वर्षानुवर्षं याच आकड्याप्रमाणे वाढवत आले. अन्न स्वस्त आणि औषध, एसटीचं तिकीट, मोबाईलचं रिचार्ज महाग अशा वर्षी मजुरी हलायचीच नाही, कारण या गोष्टींना त्या हिशेबात नखाएवढी जागा. पायाभूत वर्ष २०१९ असलेली नवी मालिका जुलै २०२५ मध्ये आली. बेचाळीस वर्षं जुने भार. हेच भार सरकारी वेतनाला लावले असते तर एका वर्षात बदलले गेले असते.

म्हणून मागणी करायचीच तर या गोष्टींची करावी. खर्चाची पाहणी पाच वर्षांनी एकदा आणि तिचे भार पुढच्या दोन वर्षांत निर्देशांकात, हे वेळापत्रक कायद्यात लिहिलेलं हवं. पाहणी न आवडल्यास ती दडपायची मुभा कुठल्याच सरकारला नको. खर्चाच्या गटाप्रमाणे निर्देशांक दर महिन्याला मुख्य आकड्याच्या शेजारी छापावा. आणि जिल्ह्याऐवजी प्रदेश. राष्ट्रीय नमुना पाहणी महाराष्ट्राचे जे विभाग पाडते त्यात कोल्हापूर अंतर्गत पश्चिम महाराष्ट्रात येतं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय केंद्राच्या पाहणीबरोबर स्वतःचा जोड नमुनाही घेतं. केंद्र आणि राज्य असे दोन्ही नमुने एकत्र केले तर अंतर्गत पश्चिम विभागाचे भार काढण्याइतकी कुटुंबं हाती लागण्याची शक्यता चांगली आहे, मटणाचा आणि म्हशीच्या दुधाचा वाटा त्यात उमटू शकेल. अट एकच: दोन्हीकडच्या प्रश्नावल्या, आठवण्याचा कालावधी आणि वस्तूंचे सांकेतांक तंतोतंत सारखे हवेत. एकाकडे तेलाचा खर्च गेल्या सात दिवसांचा आणि दुसऱ्याकडे तीस दिवसांचा विचारला, तर आकडे एकत्र करून उपयोग नाही, आणि पुढची पाहणी सुरू व्हायच्या आधीच हे जुळवून घ्यावं लागतं.